उसने नवरे

"बाई, आज कुणाचा नवरा?"

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच हौसाताई विचारायच्या. खाली गिरणीचा पट्टा फटफटत असायचा, त्यावर मात करायची तर आवाज मोठाच काढावा लागे. त्यामुळं हा सवाल दळण घेऊन ओळीनं बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जायचा. त्यात कुणी नवी असली तर दचकून वर बघायची. जुन्या नुसत्या पदराआड हसायच्या. या गोष्टीला आता वीस-एकवीस वर्षं झाली. पण अजून कुठं गिरणीवरून गेले आणि गरम पिठाचा वास आला, की माझ्या कानात पहिल्यांदा तोच सवाल उठतो.

आटपाडीत बाजारपटांगणाच्या मागं मारुतरावांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या माथ्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. क्लास विट्याच्या एका सरांचा. ते शनिवारी येत, बाकीचे पाच दिवस सगळा कारभार माझा. मी बावीस वर्षांची. शिकायला येणाऱ्या सगळ्या माझ्याहून थोर, तरी मला "बाई" म्हणायच्या, आणि मी त्यांना ताई म्हणायची. असा तो उलटासुलटा मान होता.

यंत्रं सहा. माऊस म्हणायला सहा, चालणारे दीड. कारण पीठ. ते जिन्यानं वर यायचं, खिडकीनं यायचं, बायकांच्या लुगड्यांवर बसून यायचं. त्या काळी माऊसच्या पोटात रबराची गोळी असे. तिच्यावर पीठ बसायचं, वरून हातांचा घाम, आणि दोन दिवसांत आत चांगली कणीक तिंबली जायची. मग पडद्यावरचा बाण म्हाताऱ्या बैलासारखा चारी पाय रोवून उभा. ढकला, चुचकारा, हलायचा नाही. मी स्पिरिटच्या बोळ्यानं गोळ्या पुसून पुसून थकले आणि एके दिवशी सगळे माऊस गुंडाळून कपाटात टाकले. म्हटलं, आता बोटांवर चालायचं. कंट्रोलचं बटण दाबून सी, कंट्रोल दाबून व्ही. कागदावर यादी लिहून भिंतीला चिकटवली.

आमच्या सकाळच्या तुकडीत चौघी. मंदाताई लेंगरे, प्राथमिक शाळेच्या मास्तरीण. नसीमाभाभी मुल्ला, अंगणवाड्यांवर देखरेख करायच्या. पुष्पाताई ऐवळे, पोस्टातल्या. आणि चौथ्या हौसाताई गळवे.

हौसाताई पाटबंधारे खात्याच्या कचेरीत होत्या. त्यांचे मालक तिथंच कारकून होते. ते गेले, आणि अनुकंपा म्हणून ती खुर्ची हौसाताईंना मिळाली. मिळाली म्हणजे टेकायला मिळाली. दोन वर्षांत खात्याची संगणक परीक्षा पास व्हा, नाहीतर खुर्ची सोडा, असं नेमणुकीच्या कागदातच लिहिलं होतं. मार्चअखेर दोन वर्षं भरत होती. खुर्ची गेली तर खोली सोडून सासरच्या वाडीला परतायचं आणि नववीतल्या मोहिनीची शाळा तिथंच तुटायची, कारण वाडीत शाळा चौथीपर्यंत.

डिसेंबरात त्या एकदा परीक्षेला बसल्या होत्या. सगळा पेपर सोडवला आणि शेवटाला लाईट गेली. कागद साठवून ठेवलेला नव्हता. लाईट आली तेव्हा पडदा धुतल्या पाटीसारखा कोरा. आता मार्चातली संधी शेवटची. कचेरीतले हेडक्लार्क भाऊसाहेब तर रोज सकाळी कॅलेंडरकडं बघून म्हणायचे म्हणे, गळवेबाई, अजून इतके दिवस.

हौसाताई मराठी टायपिंग शिकून आल्या होत्या. वेग बेताचा, पण अक्षर चुकायचं नाही. अडायचं ते या कंट्रोलच्या जोड्यांपाशी. भिंतीवरची यादी वाचायच्या, मान डोलवायच्या, आणि खुर्चीत बसेपर्यंत सगळं सांडून जायचं. फक्त कंट्रोलचं बटण त्यांना पहिल्या दिवशी पटलं.

"ही थोरली जाऊ," त्या म्हणाल्या. "हिला हाताशी धरल्याबिगर या घरात एक काम व्हायचं न्हाई."

तेव्हापासून आमच्या क्लासात कंट्रोलला कंट्रोल कुणी म्हटलं नाही. थोरली धर आणि सी दाब. थोरली धर आणि एफ दाब.

उखाण्यांचं निघालं ते एका मंगळवारी. मंदाताईंच्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, आणि पंगतीत नाव घ्यायला आपल्याला काही सुचत नाही म्हणून मंदाताई कुरकुरत होत्या. हौसाताईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. टायपिंग करता करता त्यांनी मंदाताईंना एक उखाणा असा विणून दिला, की मंदाताईंनी तो तिथंच खडूनं पाटीवर लिहून घेतला. मग कळलं की यांच्या माहेरी, झऱ्याला, नव्या नवरीला गृहप्रवेशाला नाव सुचलं नाही की हौसाला बोलावणं जायचं. तिच्याजवळ साठवणीतलं काही नसे. नवरीचं तोंड बघायची, नवऱ्याचं नाव विचारायची, आणि जागच्या जागी जोडून द्यायची. चाळीस-पन्नास तर सहज दिले असतील, आणि त्यातला एकही विसरलेली नव्हती.

मी म्हटलं, हौसाताई, मग या जोड्यांचे उखाणे करा की.

त्यांनी थोडा वेळ बटणांकडं बघितलं. "करीन," म्हणाल्या. "पर बाई, उखाणा म्हंजे त्यात नाव पायजे. नावाबिगर उखाणा म्हंजे खुंट्याबिगर जातं. फिरवायचं कशानं?"

खोलीत जरा कुणी काही बोललं नाही. खालची गिरणी तेवढी ऐकू येत होती. मग मंदाताई म्हणाल्या, "माझे घ्या. पडूनच आहेत."

असे बाजीराव लेंगरे पहिले उसने आले. ते शेतकी खात्यात साहेब. कचेरीत असे गरजायचे की शिपाई चपला हातात घेऊन चालत, आणि घरी मंदाताईंनी हाक मारली की दुसऱ्या हाकेची वाट बघायचे नाहीत. हौसाताईंनी डोळे मिटले, डाव्या हाताची करंगळी थोरलीवर ठेवली आणि म्हणाल्या,

"थोरलीच्या जोडीला सीची घेतली साथ,
एकाचे दोन बाजीराव, एक कचेरीत, एक घरात."

आम्ही हसून हसून लोळलो. मंदाताईंनी रीतीप्रमाणं ओरडून सांगितलं, ऐकू नाही आलं. हौसाताईंनी पुन्हा म्हटला. आणि ती जोडी त्यांच्या हाताला जी चिकटली, ती चिकटलीच.

मग रोज एक नवरा. पुष्पाताईंनी आपले वसंतराव दिले, ते व्हीच्या वाट्याला गेले:

"व्हीचा लावला डिंक, पान बसलं घट्ट,
टीव्हीम्होरनं उठायचं न्हाई, वसंतरावांचा हट्ट."

नसीमाभाभी पहिल्यांदा म्हणाल्या, आमच्यात नाव घेतात, पण हे असं यंत्रात घातलं तर ते काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, घाला, नाहीतरी घरात सापडत नाहीत. त्यांचे दस्तगीरभाई शोधायच्या जोडीला, एफला बसले:

"एफ लावून धुंडाळलं, सापडलं एका दमात,
चष्मा कपाळावर, आन दस्तगीरभाई शोधत्यात कपाटात."

झेडचा प्रश्न खालूनच सुटला. झेड म्हणजे केलेलं मागं घ्यायचं. आमच्याकडचं पाणी एकदा झिरपून गिरणीच्या पट्ट्यावर ठिबकलं, तसे मारुतराव जिन्यात उभे राहून क्लासाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले. अर्ध्या तासानं त्यांच्या गोदाक्का चहाची किटली घेऊन वर आल्या. मालकांनी धाडलाय म्हणाल्या, आणि बोललेलं मनावर घेऊ नका म्हणून सांगितलंय. चहा पितापिताच झेडचा उखाणा झाला:

"झेड दाबला की झालं-गेलं गंगेला मिळालं,
भांडताना बोललेलं मारुतरावांनी चहासंगं गिळलं."

गोदाक्कांनी तो खाली जाऊन नवऱ्याला ऐकवला. गिरणी दोन मिनिटं बंद पडली होती, एवढं मला आठवतं.

एक्सला मात्र हौसाताईंनी कुणाचा नवरा घेतला नाही. एक्स म्हणजे कात्री. कुणाच्या कुंकवाला कात्री लावायची नाही, म्हणाल्या. पुष्पाताईंनी कुठल्याशा मेव्हण्याचं नाव सुचवलं, तेही नाही. शेवटी म्हणाल्या, नवरा नसंना का, पुरुष असला म्हंजे झालं. आणि कॅलेंडरवाल्या हेडक्लार्कांना घातलं:

"एक्सची कात्री, धार हाय लई,
भाऊसाहेबांच्या जिभंला लागली तर बरं व्हईल, बाई."

आता सवाल राहिला एसचा. थोरली धरायची आणि एस दाबायचा, की लिहिलेलं साठून राहतं. लाईट जाऊ दे, यंत्र बंद पडू दे, गेलेलं परत मिळतं. आमची यंत्रं जुनी, स्वतःहून काही लक्षात ठेवायची त्यांना सवय नव्हती. म्हणजे खरं तर एस आधी यायला हवा होता. मी रोज म्हणायची, हौसाताई, एसचं बघा. त्या म्हणायच्या, व्हईल. पुष्पाताईंनी आपले वसंतराव जोडीनं देऊ केले. मंदाताई म्हणाल्या, बाजीरावांचे दोन झालेच आहेत, दुसरा घ्या. हौसाताई मानेनं नको म्हणायच्या.

"त्याचं ऱ्हाऊ द्या," एवढंच.

आणि मग त्या साठवायला विसरायच्या. रोज. पान पान टाईप करायच्या, सुबक तक्ता काढायच्या, बाजीराव, वसंतराव, दस्तगीरभाई कसे हाताखालच्या माणसांसारखे पळत असायचे, पण एसकडं बोट जायचं नाही. त्या वर्षी भारनियमन होतं. आटपाडीत लाईट कधी जायची याचं वेळापत्रक होतं, पण लाईटनं ते वाचलेलं नव्हतं.

परीक्षा बारा दिवसांवर आली असताना अशीच लाईट गेली. हौसाताईंनी अख्खा सराव-पेपर सोडवला होता, शेवटची ओळ चालू होती. पडदा मिटला. खालची गिरणी हळूहळू घरघरत थांबली. मी विचारलं, एस दाबला होता? त्यांनी हात मांडीवर घेतले.

मला राग आला. बावीस वर्षांची मी, पोरपणच. थोरामोठ्या बाईला काय बोलावं ते कळलं नाही. म्हटलं, "एका बोटापायी तुमची नोकरी जाईल हौसाताई. मोहिनीला काय सांगणार? उखाणा सुचला नाही म्हणून शाळा सुटली तुझी?"

नसीमाभाभींनी मला डोळ्यांनी दटावलं. हौसाताई पदराच्या टोकानं बटणांवरचं पीठ पुसत बसल्या. एकेक बटण, सावकाश.

मला तोंडातलं मागं घेता येईना. माझ्याजवळ तेव्हा झेड नव्हता आणि चहाची किटलीही नव्हती. मग मी एक वेडेपणा केला. मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं, आणि महिनाभर या बायका खोदून खोदून विचारत होत्या तरी मी होणाऱ्या नवऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं. ते त्या क्षणी सांगून टाकलं. म्हटलं, निरंजन नाव आहे. एसला लावा.

तिघी एकदम माझ्याकडं वळल्या. पुढची पाच मिनिटं माझी काय गत झाली ते सांगत नाही. निरंजन उंच आहे का, निरंजनला मिशी आहे का, निरंजन म्हटल्यावर बाईंचे कान बघा. त्या गलक्यात हौसाताईंच्या तोंडावर हसू आलं. जवळ येऊन त्यांनी पिठाच्याच हातानं माझ्या गालावरून हात फिरवला.

"नवा कोरा हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "हितं पिठात कशाला मळवायचा? ऱ्हाऊ द्या, बाई. माझी म्या बघते."

परीक्षा सांगलीला, एका कॉलेजात होती. मी सोबत गेले. सकाळच्या एसटीत हौसाताई खिडकीशी बसून मांडीवर बोटं नाचवत होत्या आणि पुटपुटत होत्या. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी दोनदा मागं वळून बघितलं. एकाच बाईच्या तोंडी बाजीराव, वसंतराव आणि दस्तगीरभाई ऐकल्यावर कुणीही बघेल. एसचं काय, असं मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. त्यांच्या प्रवेशपत्रावर नुसतं 'हौसाबाई सो. गळवे' असं लिहिलेलं होतं, ते त्यांनी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं.

अकराला पेपर सुरू झाला. एक तास. एक पत्र टाईप करायचं, तक्ता काढायचा, परिच्छेद उचलून दुसरीकडं ठेवायचे, एक शब्द सगळीकडनं शोधून ठळक करायचा. मला आत सोडणार नव्हते. मी व्हरांड्यातल्या जाळीच्या खिडकीशी उभी राहिले. तिथून हौसाताईंची उजवी बाजू दिसायची.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. हात चालत होते, ओठ चालत होते. मग मला काहीतरी वेगळं दिसलं. चार-पाच ओळी झाल्या की त्या थांबायच्या. उजवा हात डोक्याकडं जायचा, पदर कपाळापर्यंत ओढला जायचा, मान खाली, ओठ जरासे हलायचे. मग पुन्हा टायपिंग. पदर मागं घसरायचा. चार ओळी. पुन्हा हात वर, पुन्हा पदर, पुन्हा मान खाली. क्लासात मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, घाबरल्या. चक्कर तर येत नाही ना?

ते बघणारी मी एकटी नव्हते. पर्यवेक्षक म्हणून एक किडकिडीत सर होते, खिशाला तीन पेनं. ते दोन ओळींमधून फिरता फिरता थबकले. बाई घडीघडी पदराखाली तोंड घालून काय वाचते? ते येऊन हौसाताईंच्या शेजारी उभे राहिले आणि हात थांबवा म्हणाले.

कॉपीचा संशय आला तर पेपर काढून घेतात, आणि पेपर गेला की खुर्ची गेली.

त्यांनी पदरात काय आहे विचारलं. हौसाताई म्हणाल्या, काही नाही. मग घटकेघटकेला पदरात तोंड घालून काय पुटपुटता? सरांनी कॉलेजातल्या शिपाईण मावशींना बोलावून घेतलं. मावशींनी पदर झटकला, निऱ्या चाचपल्या, प्रवेशपत्र उलटसुलट केलं. निघाली एक सेफ्टी पिन आणि दोन वेलदोडे. घड्याळ चाललं होतं. सहा मिनिटं गेली. मी जाळीला घट्ट धरून उभी.

सर हट्टाला पेटले. चिठ्ठी नाही तर काय पुटपुटता, ते मोठ्यानं म्हणा, म्हणाले.

हौसाताईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग जागच्या जागी उभ्या राहून, हात पुढं बांधून, शाळेतल्या कवितेसारखं सुरू केलं. एकाचे दोन बाजीराव. व्हीचा डिंक. दस्तगीरभाईंचा चष्मा. मारुतरावांचा चहा. तीस-बत्तीस परीक्षार्थींचे हात थांबले. मागच्या कोपऱ्यात कुणीतरी फुसकन हसलं. भाऊसाहेबांच्या जिभेला कात्री लागली तेव्हा तर शिपाईण मावशी भिंतीला टेकल्या. पर्यवेक्षकांच्या ओठाची एक कड हलली, ती त्यांनी खोकून सावरली.

"पाच मालक झाले," ते म्हणाले. "तुमचे यातले कोणते?"

"कुणीच न्हाई. समदे उसने हायती."

"बरं. आणि पदर घेता तेव्हा कोणता?"

हौसाताईंनी मान खाली घातली. खोलीतलं हसू विझलं.

"त्यो न्हाई सांगायचा," त्या हळू म्हणाल्या. "पेपर काढून घ्या सर, पर त्यो न्हाई सांगायचा."

मग सरांनी सेफ्टी पिन आणि वेलदोडे उचलून हौसाताईंच्या टेबलावर नीट ठेवले आणि म्हणाले, बसा, लिहा. गेलेली सहा मिनिटं धरून देतो.

त्यानंतर फार तर पाव तास गेला असेल. लाईट गेली.

एकदमच. पंखे थांबले, सगळे पडदे मिटले, आणि खोलीभर एक मोठा सुस्कारा पसरला. कुणी डोक्यावर हात मारला, कुणी आई म्हटलं. मी डोळे मिटून घेतले. मला ते आटपाडीतलं मिटलेलं यंत्र दिसत होतं, मांडीवरचे हात दिसत होते. मी बोललेलं ऐकू येत होतं.

अकरा मिनिटांनी लाईट आली. यंत्रं एकेक करून जागी झाली. पहिल्या ओळीतल्या एका बाईंचं सगळं गेलं होतं, त्यांचे डोळे भरले. त्यांच्या मागच्याचंही गेलं. पर्यवेक्षक एकेकापाशी थांबत येत होते, आणि प्रत्येकाला वेळ वाढवून देईन पण गेलेलं माझ्या हातात नाही, असं सांगत होते. हौसाताईंपाशी आले तेव्हा तिथंच उभे राहिले. हौसाताईंनी कागद उघडला.

पत्र होतं. तक्ता होता. परिच्छेद जागेवर होते. अगदी खाली, शेवटच्या ओळीचे तेवढे तीन शब्द नव्हते.

सरांनी विचारलं, एवढेच शब्द कसे गेले?

"नाव घेईस्तोवर लाईट गेली," हौसाताई म्हणाल्या.

निकालाचा कागद आठवड्यानं येणार होता. पण छापून निघालेलं पान सरांनी उजेडाकडं धरून वरून खाली वाचलं, शेवटाला सही केली, आणि जाताना व्हरांड्यात मला म्हणाले की तुमच्या बाई पास आहेत. मग जरा घुटमळून म्हणाले, ते वसंतरावांचं लिहून देता का, आमच्या घरीही टीव्ही आहे.

स्टँडवर आम्ही भडंग खाल्लं. हौसाताईंनी मोहिनीसाठी एक पुडा बांधून घेतला. दुपारची विट्यावरून आटपाडीला जाणारी गाडी निम्मी रिकामी होती. तासगाव मागं पडेपर्यंत आम्ही त्या सरांच्या खोकल्याची नक्कल करत होतो. पुढं द्राक्षांचे मांडव संपले, माळ लागला, तशा हौसाताई बोलायच्या थांबल्या. वारं खिडकीतून येत होतं. त्यांनी दोन्ही वेलदोडे सोलले, त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.

मी म्हटलं, "हौसाताई, त्या दिवशी मी फार बोलले."

"बोलला. बरं केलं." त्या बाहेरच बघत होत्या. "तवाच ठरवलं, आता त्येंलाच हाताशी घ्यायचं."

"मग इतके दिवस का नाही घेतलं?"

त्यांनी वेलदोडा दाताखाली फोडला. "चार वरसं झाली, बाई. चार वरसांत कितीक लग्नं झाली, बारशी झाली. समद्यास्नी नावं जुळवून दिली म्या. जोडून दिली की म्हणत्यात, हौसा, लई ग्वाड. मग पुढचीकडं वळत्यात. तुमीबी समद्यांनी आपापलं मालक दिलं मला. मनापासनं दिलं, न्हाई म्हणत न्हाई." त्या थांबल्या. रस्त्याकडेच्या एका बाभळीवर त्यांची नजर होती, ती बाभळ मागं जाईपर्यंत. "पर मला कुणी म्हणलंच न्हाई, हौसा, नाव घे."

मला आठवलं. मंगळवार. खोलीत जरा कुणी काही बोललं नाही ते. आणि मंदाताईंच्या आधी मीही तोंड उघडलं नव्हतं ते.

एसटी एका खड्ड्यातून गेली. कंडक्टर पुढं ड्रायव्हरशी बोलत होता. मी त्यांच्याकडं वळून बसले, आणि आमच्यात म्हणतात तसं, पंगतीतल्या बायका म्हणतात तसं म्हटलं,

"हौसाताई, नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उजवा हात वर गेला, पदर कपाळापर्यंत आला. मान खाली. ओठ हलले. अगदी हळू, गाडीच्या आवाजात बुडून जाईल इतकं हळू त्या काहीतरी म्हणाल्या.

मला ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

पदराखालून एक डोळा माझ्याकडं वळला. त्यात पाणी होतं आणि हसूही होतं. पुढच्या बाकावरची बाई आता मागं वळून बघत होती. हौसाताई ताठ बसल्या. डावा हात मांडीवर पसरला, करंगळी थोरलीच्या जागी टेकवली, तिच्या शेजारचं बोट उचललं, आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात, तिसऱ्या पायरीवरच्या त्या आवाजात त्या म्हणाल्या,

"लाईट जाती, लाईट येती, माझं न्हाई काई जात,
सोपानरावांचं नाव माझ्या डाव्या हाताच्या बोटात."